त्यांना त्यांच्या प्रयोगाबद्दल विचारा : मुंबईतल्या व्याख्यानमालांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
मुंबई व उपनगरांतील व्याख्यानमालांचे संयोजक, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की तुमच्या बैठका सुरू होतात. यंदा कोणाला बोलवायचं, कोणता दिवस कोणाच्या स्मृत्यर्थ, प्रायोजक कोण, सभागृहाचं भाडं कितीने वाढलं, हे सगळं तिथे ठरतं. वक्त्यांच्या यादीत एक इतिहासाचे अभ्यासक असतात, एक पत्रकार, एक निवृत्त सनदी अधिकारी, एखादा अभिनेता, अर्थसंकल्प समजावून सांगणारे एक तज्ज्ञ. विज्ञानाला एखादी संध्याकाळ मिळते आणि मिळालीच तर ती बहुतेक वेळा अवकाश मोहिमेला जाते. तुमची यादी छापायला जाण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं अशी इच्छा आहे, कारण मला त्या यादीतल्या एका जागेबद्दल बोलायचं आहे.

मी परळला राहते. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड, जिथे जमेल तिथे व्याख्यानाला जाऊन बसते. कॉलेजच्या पुस्तकांबाहेरचं माझं बरंचसं शिक्षण तुमच्या सभागृहांत झालं आहे. वर्गणी गोळा करून, प्रसंगी पदरमोड करून तुम्ही हे चालवता याची मला पूर्ण जाणीव आहे. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते घरच्या माणसाने सांगितलं असं समजून वाचा.

माझं मागणं एवढंच आहे : आपल्या शहरात संशोधन करणाऱ्या स्त्रियांना बोलवा आणि त्यांना त्यांच्या संशोधनावर बोलायला सांगा. वर्षातल्या कोणत्याही दिवशी, पूर्ण दीड तास.

तुम्ही म्हणाल, आम्ही बोलावतो की. बोलावता, हे खरं आहे. पण कधी आणि कशासाठी, ते पाहा. मागे एकदा मार्च महिन्यात उपनगरातल्या एका सभागृहात एक शास्त्रज्ञ आल्या होत्या. कर्करोगाच्या पेशींवर त्यांचं काम. पत्रिकेवर विषय छापला होता, ‘संसार आणि संशोधन : तारेवरची कसरत’. परिचय करून देणाऱ्या गृहस्थांनी त्यांचे यजमान कुठे नोकरीला होते, मुलगा काय शिकतो आणि उकडीचे मोदक त्या किती सुरेख करतात हे सांगितलं. त्यांनी पीएचडी कशावर केली, ते मात्र राहून गेलं. बाई पेन ड्राइव्ह घेऊन आल्या होत्या. ‘चार चित्रं दाखवू का?’ असं त्यांनी सुरुवातीलाच विचारलं. वेळ उरला तर शेवटी बघू, असं उत्तर मिळालं. वेळ उरला नाही. मग श्रोत्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या गेल्या : मुलांचा अभ्यास कोण घ्यायचं, सासूबाईंचा पाठिंबा होता का, रात्री उशीर झाला तर घरचे काय म्हणायचे.

मागच्या रांगेतून अकरावी-बारावीतली वाटावी अशी एक मुलगी उठली. चिठ्ठी-बिठ्ठी न देता तिने थेट विचारलं, ‘मॅडम, तुम्ही त्या पेशी शरीराबाहेर जिवंत कशा ठेवता?’

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. तोवर जपून, मोजून बोलत होत्या, आता हात हलवून सांगू लागल्या. प्लास्टिकच्या छोट्या चपट्या डबीत पेशी तळाला चिकटून वाढतात. त्यांच्यावर साखर, क्षार, अमिनो आम्लं घातलेलं द्रव असतं आणि त्यात एक रंग मिसळलेला असतो. द्रव लालसर गुलाबी आहे तोवर सगळं ठीक. पेशी वाढत जातात, आम्ल सोडतात, तसा तो रंग केशरी होतो आणि मग पिवळा. पिवळा दिसला की द्रव बदलायचं, मग तो रविवार असो नाहीतर अनंत चतुर्दशी. उबवणीच्या कपाटात सदतीस अंश तापमान आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड सतत राखावा लागतो, आणि बुरशीचा एक कण जरी आत गेला तरी महिनाभराचं काम टाकून द्यावं लागतं. दोन-तीन मिनिटं त्या बोलल्या असतील. सभागृहातली चुळबुळ थांबली होती. माझ्या शेजारचे आजोबा हळूच म्हणाले, ‘पिवळं का होतं म्हणाल्या?’ मी त्यांना सांगेपर्यंत आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

त्या आजोबांचा प्रश्न मी विसरू शकत नाही. ऐंशीच्या घरातल्या एका माणसाला पेशींच्या आम्लाबद्दल कुतूहल वाटलं, आणि पुढचा सबंध तास त्यावर जाऊ शकला असता.

ज्या तंत्राबद्दल त्या शास्त्रज्ञ बाई बोलत होत्या ते आपल्या देशात रुजवलं तेच मुळी परळमध्ये, एका मराठी बाईंनी. डॉ. कमल रणदिवे. पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. लग्नानंतर मुंबईला आल्या, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली आणि पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. माणसाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढवत ठेवण्याचं काम १९५१ मध्ये पहिल्यांदा जमलं ते याच गे यांच्याकडे. ती विद्या घेऊन रणदिवे परत आल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली. भारतातली ती पहिली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, हे आपल्याकडे सुरुवातीला मांडणाऱ्यांत त्या होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवर त्यांनी काम केलं, आणि पुढे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणीही केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

टाटा हॉस्पिटलच्या आवारातून मी अनेकदा जाते. तिथे नातेवाइकांसाठी डबे घेऊन उभी असलेली माणसं असतात, बायोप्सीचा रिपोर्ट हातात धरून बसलेली माणसं असतात. या शहरात जवळपास प्रत्येक घराला कर्करोग माहीत आहे. अशा शहरात ‘पेशी बिघडते म्हणजे काय होतं’ या विषयाला श्रोते मिळणार नाहीत असं मला कोणी सांगू नये.

आता दुसऱ्या कमलाबाई. डॉ. कमला सोहोनी यांची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, निदान अर्धी. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये पदवी घेतलेली भागवतांची ही मुलगी, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज करते. संचालक सर सी. व्ही. रामन मुलगी म्हणून प्रवेश नाकारतात. ती तिथे जाऊन ठाण मांडते, शेवटी अटींवर प्रवेश मिळतो, पहिलं वर्ष तर केवळ चाचणी म्हणून. भाषणांत, लेखांत, शाळेच्या भित्तिपत्रकांत ही गोष्ट येते आणि ती यायलाच हवी. खरं तर २८ फेब्रुवारीला, रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ राष्ट्रीय विज्ञान दिन असतो तेव्हा, ती आवर्जून सांगावी.

पण आपण त्या प्रवेशद्वारापाशीच थांबतो. बाई आत गेल्या, आणि आत जाऊन त्यांनी काय केलं? मी कितीतरी सुशिक्षित माणसांना हे विचारून पाहिलं आहे. उत्तर सहसा ‘केंब्रिजला गेल्या’ इथे संपतं.

केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काम केलं. सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन प्राण्यांच्या पेशींत श्वसनाचं काम करतं, हे माहीत होतं. ते वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे कमलाबाईंनी दाखवलं. तुमच्या-माझ्या पेशी आणि पिशवीतला बटाटा श्वास घेताना एकाच जातीची यंत्रणा वापरतात, असा त्याचा अर्थ. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. त्या परत आल्या आणि लग्नानंतर मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे काळा घोड्याजवळच्या त्या दगडी इमारतीत, जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. तिथे त्यांनी काय निवडलं? कडधान्यं. नीरा. गरिबाच्या ताटात जे आहे किंवा येऊ शकेल, ते.

कच्च्या कडधान्यांत अशी प्रथिनं असतात जी आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला घट्ट धरून ठेवतात. ट्रिप्सिनचं काम प्रथिनं पचवण्याचं. तेच अडकलं की खाल्लेली प्रथिनं अंगी लागत नाहीत. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी ही अडवणारी प्रथिनं एकेका भाजीतून, एकेका कडधान्यातून शोधत होते. १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा एका सहसंशोधकासह लिहिलेला निबंध आला : वाल आणि डबल बी यांतून ही प्रथिनं शुद्ध, स्फटिकरूपात वेगळी केल्याचा. वाल! आपल्याकडे बिरड्यासाठी जे आदल्या दिवशी भिजत घालतात, मोड आणतात, सोलतात, मऊ शिजवतात, ते वाल. शिजवल्यावर उष्णतेने त्या प्रथिनांची घडी मोडते आणि ट्रिप्सिन मोकळं राहतं. बिरडं नीट शिजू द्यावं, असं घरोघरी सांगितलं जातं. त्याच्या आतलं रसायन मुंबईच्या एका प्रयोगशाळेत एका मराठी बाईंनी उलगडलं, आणि आपण त्याबद्दल एक व्याख्यानसुद्धा ठेवलेलं मला आठवत नाही.

नीरेतल्या पोषकद्रव्यांवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. आरे दुग्ध प्रकल्पाला त्यांनी सल्ला दिला, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या, निवृत्तीनंतर ग्राहकांच्या चळवळीत काम केलं. एकेक गोष्ट एकेक संध्याकाळ खाईल.

तिसरं नाव लिहिताना मला जरा वाईट वाटतं. डॉ. मंगला नारळीकर. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या संख्यावाचनावरून जो वाद पेटला, त्यात त्यांचं नाव घराघरांत पोचलं. त्याआधी आणि त्यानंतरही बहुतेकांसाठी त्या जयंतरावांच्या पत्नी होत्या. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठातून सुवर्णपदकासह त्यांनी गणितात एमए केलं, टीआयएफआर या मूलभूत संशोधनाच्या संस्थेत काम केलं, लग्न झालं, केंब्रिजचा संसार झाला, मुली झाल्या, आणि १९८१ मध्ये संख्या सिद्धांतात पीएचडी मिळाली. चाळणीने निवडलेल्या पूर्णांकांवर त्यांचा एक शोधनिबंध आहे. मूळ संख्या शोधायची एरॅटोस्थेनीसची चाळणी आपण सगळ्यांनी शाळेत केली आहे : दोन ठेवून त्याच्या पाढ्यातल्या पुढच्या संख्या खोडा, तशाच तिनाच्या खोडा, पाचाच्या खोडा. त्याच कल्पनेचा माग काढत गणित कुठवर जातं, हे मंगलाताईंकडून ऐकायला मिळालं असतं, तर काय बहार आली असती. शालेय गणित सोपं करून सांगण्यावर त्या मराठीत भरपूर बोलल्या, लिहिलंही. त्यांच्या स्वतःच्या गणितावर त्यांना किती जणांनी बोलावलं, मला माहीत नाही. २०२३ मध्ये त्या गेल्या. आता विचारता येणार नाही.

जयंतराव नारळीकर आपल्याकडे दशकानुदशकं मराठीत बोलले आणि सभागृहं ओसंडून वाहिली. माणसं बाहेर उभं राहून ऐकत. विज्ञानाला मराठी श्रोता नाही, या म्हणण्याला मला तेवढं एक उत्तर पुरेसं वाटतं. ते स्थिर स्थिती सिद्धांतावर बोलत, कृष्णविवरांवर बोलत, ज्योतिष का शास्त्र नाही त्यावर बोलत. घर कसं सांभाळता, असं त्यांना व्यासपीठावर कोणी विचारलं नाही, आणि ते योग्यच होतं. तोच मान मी मागते आहे.

भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींचं नाव तर मुंबईत फारसं कोणी घेतच नाही. १९४९ मध्ये त्या टीआयएफआरमध्ये रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक. तेव्हा ती संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. त्याआधी दार्जिलिंगच्या डोंगरात छायाचित्रणाच्या काचा ठेवून त्यांनी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतल्या कणांचे माग टिपले होते. युद्धामुळे त्यांना अधिक चांगल्या काचा मिळाल्या नाहीत आणि काम तिथे अडलं. पुढे अधिक संवेदनशील काचांवर तशाच पद्धतीने काम करणाऱ्या सेसिल पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये एका ताऱ्याला बिभा हे नाव दिलं गेलं. गेटवेला फिरायला नेलेल्या पाहुण्यांना मी ती इमारत दाखवते.

ही झाली जाऊन चुकलेली माणसं. आजची माणसं तुमच्या दारात आहेत. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये डॉ. शुभा टोळे गर्भातला मेंदू कसा घडतो यावर काम करतात : एकाच प्रकारच्या आरंभीच्या पेशींतून स्मृतीचा भाग वेगळा कसा होतो, विचाराचा भाग वेगळा कसा होतो, हे कोणती जनुकं ठरवतात. २०१० मध्ये त्यांना विज्ञानातला मानाचा भटनागर पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये इन्फोसिस पारितोषिक. त्याच संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांना २०१५ मध्ये भटनागर आणि २०२२ मध्ये इन्फोसिस पारितोषिक मिळालं. लहानपणी सोसलेला ताण मोठेपणीच्या मेंदूत कसा राहतो आणि त्यात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं काय काम, हा त्यांचा एक विषय. सभागृहात बसलेला प्रत्येक आईबाप, प्रत्येक आजी-आजोबा कान टवकारून ऐकेल असा विषय याहून दुसरा कोणता?

आणि पुरस्कार मिळालेल्यांपाशीच थांबू नका. परळला हाफकिन आहे, प्रजनन व बालस्वास्थ्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. याच संस्थेच्या आणि केईएमच्या सहकार्यातून डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूने केलेल्या कामामुळे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. माटुंग्याला रसायन तंत्रज्ञानाची संस्था आणि कापसावर संशोधन करणारी संस्था, वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची, पवईला आयआयटी, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, ट्रॉम्बेला बीएआरसी हे अणुसंशोधन केंद्र, खारघरला कर्करोगाच्या संशोधनाचं केंद्र, कलिन्याला विद्यापीठाचे विभाग. या प्रत्येक ठिकाणी स्त्रिया प्रयोग करत आहेत. पीएचडी करणाऱ्या मुली आहेत, त्यांना बोलवा. एखादीने पाच वर्षं तांदळाच्या एका रोगावर घालवलेली असतात. तिच्याइतकं त्या रोगाबद्दल मुंबईत दुसरं कोणीच सांगू शकत नाही.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगते. वर्गात माझ्या मुली प्रात्यक्षिकात हुशार असायच्या. कांद्याच्या मुळाचं टोक चिरडून गुणसूत्रं दाखवायची असली की सगळ्यात स्वच्छ स्लाइड त्यांची. बारावीनंतर त्या विचारायच्या, ‘बाई, पीएचडी करून पुढे काय करतात?’ डॉक्टर काय करतो हे त्यांनी पाहिलेलं असायचं, बँकेतली बाई काय करते तेही. संशोधक सकाळी प्रयोगशाळेत जाऊन संध्याकाळपर्यंत नेमकं काय करते, हे सांगणारं कोणीही त्यांच्या चाळीत, सोसायटीत, नात्यात नसायचं. माझ्या सांगण्याला मर्यादा होती, मी शिक्षिका होते.

सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीत २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेला पदवीपासून पीएचडीपर्यंत ५७.२ लाख विद्यार्थी होते, त्यांत मुली २९.८ लाख. म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि प्रत्यक्ष संशोधनाचं काम करणाऱ्या मनुष्यबळात स्त्रिया किती, तर २०१८ च्या सरकारी आकडेवारीनुसार १६.६ टक्के. एवढ्या मुली मधल्या मधे जातात कुठे, याची कारणं पुष्कळ आहेत. शिष्यवृत्त्या वेळेवर न येणं, कंत्राटी जागा, पस्तिशीत येऊन मिळणारी पहिली कायम नोकरी, नेमकी त्याच वयात होणारी मुलं, पाळणाघर नसणं. एका व्याख्यानाने यातलं काहीही सुटत नाही. पण ज्या गावाला जायचं ते गाव कसं दिसतं, एवढं तरी त्या मुलींना दिसलं पाहिजे, आणि त्यांच्या आईवडिलांनाही. तुमच्या सभागृहात मुलगी, आई आणि आजोबा एकाच रांगेत बसलेले असतात. अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

मग बायकांच्या अडचणींबद्दल बोलायचंच नाही का, असं एका कार्यवाहांनी मला विचारलं होतं. बोलायचं, जरूर बोलायचं, ज्यांच्या हाती उपाय आहे त्यांच्यासमोर. खुद्द कमल रणदिव्यांनी तेच केलं. १९७३ मध्ये मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीला तिचं केंद्र आहे, तिथे नोकरदार मुलींसाठी वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. अडचण काय ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून इमारत बांधली. तुमच्या व्यासपीठावर वक्त्या स्वतःहून त्या विषयाकडे वळल्या तर वळू द्या. विषय म्हणून तो त्यांच्या गळ्यात घालू नका.

आणखी एक अडचण मला सांगितली जाते : त्या नकार देतात. देतात, कारण आठ दिवस आधी फोन जातो. सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञाला बाहेर जाहीर बोलायला वरिष्ठांची परवानगी काढावी लागते, त्याला वेळ लागतो. दोन-तीन महिने आधी विषय ठरवून लेखी निमंत्रण पाठवा. निमंत्रण पाठवण्याआधी त्यांचं काम थोडं वाचा, निदान संस्थेच्या संकेतस्थळावरचं पान. ‘तुमच्या अमुक कामाबद्दल आमच्या श्रोत्यांना ऐकायला आवडेल’ असं एक वाक्य पत्रात असलं तर उत्तर वेगळं येईल. मराठीत बोलायचा संकोच हेही नकाराचं कारण असतं, कारण रोजचं काम इंग्रजीत. त्यांना सांगा, एन्झाइमला एन्झाइम म्हणा, प्रोटीनला प्रोटीन. थायरॉइड, क्रिएटिनिन आणि एचबीएवनसी रोज उच्चारणारा आपला श्रोता त्याने दचकत नाही. शब्द हवेच असले तर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, १९६६ पासून हेच काम करते आहे, त्यांना विचारा.

प्रोजेक्टर आधी लावून बघा. विज्ञानाच्या व्याख्यानात चित्र हवंच, आणि आपल्याकडे वक्त्या उभ्या राहिल्यावर केबल शोधली जाते. मानधन बाकीच्या वक्त्यांइतकंच द्या. खारघरहून पार्ल्याला किंवा कुलाब्याहून मुलुंडला सात वाजता पोचायचं म्हणजे प्रयोग दुपारीच सोडून निघावं लागतं. त्यांना रविवार सकाळ सोयीची असेल तर एखादं व्याख्यान सकाळी ठेवा. अकरावी-बारावीच्या मुलीही तेव्हा येऊ शकतील. संध्याकाळी साडेआठला संपलेल्या कार्यक्रमानंतर लांब राहणाऱ्या मुलीला घरून परवानगी मिळत नाही. जवळच्या कॉलेजातल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एक फोन केलात तर पहिल्या दोन रांगा भरतील. पत्रिकेवर नावाआधी डॉ. छापलेलं आहे ना, ते तपासा. पुरुष वक्त्यांच्या नावाआधी डॉ. आणि बाईंच्या नावाआधी सौ., असं मी आपल्याच पत्रिकांवर पाहिलं आहे. परिचयात शिक्षण, संशोधनाचा विषय आणि त्यातून काय निष्पन्न झालं एवढं यावं. तो परिचय वक्त्यांकडूनच लिहून मागवला तर प्रश्नच मिटतो. शेवटी चिठ्ठ्या निवडताना कामावरच्या आधी घ्या. भाषण यूट्यूबवर टाकलंत तर शीर्षकात विषय लिहा, म्हणजे रत्नागिरीच्या किंवा नांदेडच्या एखाद्या मुलीने ‘पेशी’ शोधलं तर तिला ते सापडेल.

यंदाच्या मालेत अशी एक संध्याकाळ ठेवलीत तरी मला आनंद होईल. पुढच्या वर्षी दोन ठेवा. विषय मी सुचवते : वालाच्या बिरड्यातलं रसायन आणि आज कडधान्यांवर चाललेलं संशोधन, कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत कशा वाढवतात, गर्भातला मेंदू, मुंबईच्या किनाऱ्यावरची बदलती मासळी, मूळ संख्यांची चाळणी. यातल्या प्रत्येक विषयावर काम करणाऱ्या स्त्रिया याच शहरात शोधल्या तर सापडतील, आणि शोधायला मी मदत करीन. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. संस्थांची संकेतस्थळं वाचून, माझ्या जुन्या विद्यार्थिनींना विचारून नावांची आणि विषयांची यादी मी करायला घेतली आहे. तुमच्या बैठकीची तारीख कळवलीत तर ती यादी घेऊन मी येईन. ज्या वक्त्यांना मराठीत बोलण्याची धास्ती वाटते, त्यांच्यासोबत बसून भाषणाची तालीम करायलाही मी तयार आहे. ज्युनियर कॉलेजच्या मुलींना गटाने आणण्याचं आणि कार्यक्रमानंतर स्टेशनपर्यंत सोडण्याचं काम आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून करू.

पत्रिका छापायला जाण्याआधी कळवा.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका आणि तुमची नेहमीची श्रोती
परळ, मुंबई